विवराच्या भिंतीवरील दाबाच्या खुणा

आपल्या वाशीम जिल्ह्यात विंधन विहीर काही नवी नाही. बोअरची गाडी आली की आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण हा क्रम सारेच पाहतात. पाणी लागले की नाही, एवढाच आपला प्रश्न. परंतु पुरेसे खोल विवर आणखी एका प्रश्नाचे उत्तर देते : खाली खडकावर दाब किती आणि कोणत्या दिशेने?

वरून येणारे ओझे काढणे सोपे आहे. दख्खनचा पाषाण पाण्याच्या सुमारे २.८ पट जड; म्हणून एक किलोमीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २८० किलोग्रॅम भार येतो. आडवा दाब मात्र असा हिशेबाने निघत नाही. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे. अशा रेट्यांमुळे खडक सर्व बाजूंनी सारखा आवळला जात नाही.

आता जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. मधला खांब काढला तर त्याचा भार शेजारच्या खांबांवर पडतो. विवर खोदताना खडक निघतो, तेव्हाही असेच होते. मुख्य आडवा दाब उत्तर-दक्षिण असेल तर तो विवराच्या पूर्व व पश्चिम भिंतींवर एकवटतो. तेथे खडकाची ताकद अपुरी पडली की कपच्या सुटतात आणि गोल विवर लांबट होते. म्हणजे विवर जिकडे रुंदावले, त्याच्या काटकोनात मुख्य दाब! कॅनडातील आल्बर्टा प्रांताच्या तेलविहिरींवरून बेल आणि गॉफ यांनी १९७९ मध्ये हा अर्थ उलगडून दाखविला.

विवरात ध्वनिलहरी सोडून भिंतीची प्रतिमा घेतात. समोरासमोरच्या दोन्ही भिंती ढासळल्या असतील तरच ती खूण खरी. मुरूम चोहोबाजूंनी सुटला तर त्यातून काही कळत नाही. पडझडीची रुंदी आणि खडकाची ताकद यांवरून दाबाचा अंदाजही बांधता येतो.

हे केवळ कुतूहल नव्हे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने दीडशेहून अधिक माणसे घेतली. त्या भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले. ते २०१७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाखाली तेथे ग्रॅनाइट लागला. कराडची केंद्र सरकारची प्रयोगशाळा हे काम पाहते.

दाबाची दिशा कळली की जमिनीतील कोणती भेग सरकण्याच्या बेतात आहे आणि धरणाचे झिरपणारे पाणी तिला कितपत सैल करील, याचा विचार करता येतो. भूकंपाची तारीख यातून निघत नाही. पण घर कोठे आणि किती भक्कम बांधावे, हे ठरविताना तारखेपेक्षा हीच माहिती अधिक उपयोगी पडते.