सातच्या बातम्या आणि आमची वसई

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, पण आमच्या वसईच्या वाड्यांमध्ये टीव्ही घरोघर दिसू लागला तो ऐंशीच्या दशकात. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र खाडी ओलांडून नारळी-पोफळीतून वाट काढत आमच्यापर्यंत पोचायचं. कुणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवायचं आणि खालून ‘आलं, आलं... गेलं!’ असा पुकारा चालायचा. सात वाजता प्रदीप भिडे बातम्या वाचू लागले की घरातलं बोलणं थांबायचं. दिल्ली असायची, मंत्रालय असायचं, गिरणी संप असायचा. वसई नसायची. त्याचं तेव्हा कुणाला वाईटही वाटत नव्हतं. बातमी मुंबईत घडते आणि आपण ती ऐकतो, असंच आम्ही धरून चाललो होतो.

आज चाळीसेक वर्षांनी मागे वळून पाहते तेव्हा हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. वसईचं नशीब ज्या वर्षांत ठरलं, त्या वर्षांत आम्ही सगळे पडद्यासमोर बसलो होतो आणि आमचं नशीब तेवढं पडद्यावर नव्हतं.

जानेवारी 1987 मध्ये ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. आमच्या शेजारची कुपारी ख्रिस्ती मंडळी सकाळचा मिस्सा आटोपून आली की तडक आमच्या ओटीवर येऊन बसत, कारण आळीत संच आमच्याकडेच होता. ख्रिस्ती, वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, आगरी अशी सगळी एकाच सतरंजीवर. ती सकाळ मला अजून लख्ख आठवते आणि त्या सकाळीबद्दल माझ्या मनात आजही माया आहे. पण ती मालिका संपते न संपते तोच, 1988 साली, वसईचा हरित पट्टा बांधकामांना मोकळा करणारा सरकारी निर्णय झाला. दारोदार जमिनीचे दलाल फिरू लागले. केळीच्या वाडीला एकरी किती येतात, याची कुजबुज लग्नाच्या मांडवात सुरू झाली. ऑक्टोबर 1989 मध्ये नालासोपारा स्थानकात एका बांधकाम व्यावसायिकाचा भरदिवसा खून झाला आणि भीती म्हणजे काय ते इथल्या लोकांना पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी दारं लवकर लागू लागली. पुढच्याच वर्षी नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं.

हे सगळं आम्हाला सांगितलं कुणी? टीव्हीने नाही. सांगितलं ‘सुवार्ता’ने. हे वसईच्या ख्रिस्ती समाजाचं मासिक, 1955 पासूनचं. त्या काळात त्याचे संपादक होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आमच्या घरी ते शेजाऱ्यांकडून यायचं आणि वाचून परत जायचं. फादरांच्या हरित वसई संरक्षण समितीच्या सभांना मी गेले आहे. व्यासपीठावर झगा घातलेला धर्मगुरू आणि समोर डोक्यावर लाल लुगड्याचा पदर घेतलेल्या बायका. विषय काय, तर विहिरीचं पाणी! नव्या इमारतींना पाणी नव्हतं, म्हणून बागायतीतल्या विहिरींवर पंप बसवून रात्रंदिवस टँकर भरले जात. समुद्र एवढा जवळ असताना गोडं पाणी असं उपसलं की त्याच्या जागी खारं शिरतं. गिरीज, निर्मळ, वाघोली, भुईगावच्या शेतकऱ्याला हे शास्त्र शिकवावं लागत नव्हतं, पानवेली सुकल्या की त्याला कळायचं. माणसं टँकरसमोर उभी राहिली, मोर्चे निघाले. दिब्रिटोंना मिळालेल्या धमक्यांबद्दल आम्ही ऐकत होतो आणि ते पुढच्या सभेला पुन्हा उभे असत. जानेवारी 2020 मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वाहिन्यांनी त्यांच्या धर्माची चर्चा अधिक केली. ज्या माणसाने आमच्या विहिरींसाठी जीव धोक्यात घातला, त्याची ओळख महाराष्ट्राला एवढीच व्हावी, याचा मला राग आला होता. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. त्या दिवशी मात्र मला टीव्ही लावावासाच वाटला नाही.

माझी नोकरी मुंबईत, त्यामुळे आयुष्याचा मोठा तुकडा लोकलच्या बायकांच्या डब्यात गेला. खरं चर्चापीठ ते होतं. 1999 साली अल्फा मराठी आली आणि ‘आभाळमाया’ मालिकेतल्या सुधा जोशीच्या संसारावर बोरिवली ते वसई वाद रंगायचे. नवऱ्याने फसवलेल्या बाईने घर सांभाळून ताठ उभं राहावं की घर सोडावं, हा प्रश्न भाजी निवडता निवडता किती तळमळीने बोलला जायचा! मालिकांना नावं ठेवणारी पुरुष मंडळी मला तेव्हाही पटली नाहीत. स्वतःच्या घरातलं जे उघड बोलता येत नव्हतं, ते त्या बायका सुधाच्या नावाने बोलून घेत होत्या. दर वर्षी डब्यात नवे चेहरे वाढत होते. दादर, गिरगाव, परळ सोडून आलेली कुटुंबं, त्यांना परवडेल असं घर नालासोपारा-विरारलाच मिळत होतं. त्यांच्यावर मी कधी रागावू शकले नाही. डोक्यावर छप्पर हवं असणं हा काही गुन्हा नव्हे.

11 जुलै 2006 ची संध्याकाळ या सगळ्यांना एकत्र बांधून गेली. अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये सात स्फोट, तेही चर्चगेटहून घरी परतणाऱ्या माणसांनी भरलेल्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत. 180 च्या वर माणसं गेली. फोन लागत नव्हते. लोक टीव्हीवरची पट्टी वाचत दारात उभे होते. त्या रात्री इथे असं घर नसेल ज्याचं कुणी ना कुणी रुळांवर नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या आणि वाहिन्यांनी त्याला ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हटलं. विरार गाडीतल्या माणसाला कामावर न जाण्याची सोयच नव्हती, हे त्यांच्यापैकी कुणीतरी म्हणायला हवं होतं. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष सोडलं. मग ते केलं कुणी, या प्रश्नासह माणसं गमावलेली घरं पुन्हा त्या संध्याकाळपाशी येऊन थांबली.

स्फोटांच्या पुढच्या वर्षी, 2007 मध्ये, चोवीस तासांच्या मराठी बातम्या आल्या. मला आशा होती. आता जागा भरपूर, आता वसई दिसेल. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि 53 गावं मिळून महापालिका झाली. गावांना ती नको होती, त्यासाठी उपोषणं, मोर्चे झाले, लोकांनी लाठ्याही खाल्ल्या. 2011 मध्ये 29 गावं वगळण्याचा निर्णय झाला आणि प्रकरण कोर्टात अडकलं. यातलं वाहिन्यांवर फार थोडं आलं. 2016 मध्ये ‘कोल्डप्ले’ या इंग्लंडच्या बँडने आपल्या गाण्याच्या चित्रफितीत आमचा किल्ला दाखवला, त्याची चर्चा याहून जास्त झाली.

आणि मग जुलै 2018. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद, लांब पल्ल्याच्या गाडीतल्या प्रवाशांना एनडीआरएफने बोटीने बाहेर काढलं, मिठागरातली माणसं पुरात अडकली. वीज नव्हती, त्यामुळे आपलं गाव टीव्हीवर झळकतंय हे आम्हाला नातेवाइकांच्या फोनवरून कळलं. पाणी सगळ्यांनी दाखवलं. ते जायचं कुठून बंद झालं, हे कुणी दाखवलं नाही. वसईत प्रत्येक आळीला बावखलं होती, पावसाचं पाणी पोटात घेऊन विहिरींना पाझर देणारी. ती भरावाखाली गेली. नाले अरुंद झाले. खाजणात इमारती उठल्या. 1988 ची बातमी आम्हाला 2018 मध्ये मिळाली, तीही अर्धीच.

त्यानंतर आमचं नाव पडद्यावर येतं ते मृतांच्या आकड्यासोबत, नाहीतर पाडापाडीसोबत. 23 एप्रिल 2021 ला विरारच्या कोविड रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग. नालासोपाऱ्यातल्या 41 अनधिकृत इमारतींवर हातोडा पडला आणि आयुष्याची पुंजी घातलेली कुटुंबं भांड्यांच्या ढिगाशेजारी बसलेली आम्ही पाहिली. ऑगस्ट 2025 मध्ये, गणपतीच्या आदल्या रात्री, विरारची अनधिकृत इमारत कोसळून 17 जणांचा जीव गेला. त्या घरांपैकी एकात एका चिमुरडीचा पहिला वाढदिवस साजरा होत होता. वार्ताहर मुलगा-मुलगी चिखलात उभं राहून इमानाने बोलत होते, त्यांना मी दोष देत नाही. पण ती इमारत उठत होती तेव्हा एक कॅमेरा यायला हवा होता. पाया खणताना, परवान्याचा कागद मागताना.

आता आमच्याकडची तरुण मुलं ते काम स्वतःच करतात. आमच्या आळीमागच्या बावखलात राडारोड्याचे डंपर रिकामे होऊ लागले, तेव्हा तिघींनी फोनवर चित्रण केलं, सर्व्हे नंबर आणि तारीख घालून अर्ज लिहिला आणि तो देऊन पोच घेतली. बावखल अर्धं बुजलंय. अर्जाचं उत्तर आलेलं नाही, दुसरा अर्ज सोमवारी द्यायचा आहे.