'जेनस' : नॉर्वेजियन रॉकचा दुर्लक्षित अल्बम

नॉर्वेचे संगीत म्हटले की बाहेरच्या जगाला प्रामुख्याने तीन गोष्टी आठवतात. संगीतकार एडवर्ड ग्रिग, १९८५ मध्ये जगभर गाजलेला 'आ-हा' हा पॉप बँड आणि १९९०च्या दशकातील काळवंडलेले 'ब्लॅक मेटल'. सत्तरच्या दशकात याच देशात जड, गुंतागुंतीच्या रॉक संगीताची एक चांगली पिढी होऊन गेली, याची मात्र फारशी दखल घेतली जात नाही. 'आंट मेरी' या बँडचा १९७३ मधील 'जेनस' हा अल्बम त्या पिढीचा एक उत्तम नमुना आहे.

हा बँड फ्रेड्रिकस्टाडचा. ग्लोमा नदीच्या मुखावरील हे गाव एकेकाळी लाकूड कापण्याच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. बँडचा पहिला अल्बम १९७० मध्ये आणि दुसरा, 'लोडेड', १९७२ मध्ये निघाला. 'लोडेड'मध्ये गिटार आणि ऑर्गनचा धडाका आहे. डीप पर्पल किंवा युराया हीप ऐकणाऱ्याला तो लगेच ओळखीचा वाटेल. पुढच्याच वर्षीच्या 'जेनस'मध्ये तो जोर कायम आहे. मात्र बेंग्ट येन्सेन हा वादक येताच कीबोर्डचा पसारा वाढला आणि ऑर्गनच्या जोडीला मूग सिंथेसायझर व मेलोट्रॉन ही वाद्ये आली.

मेलोट्रॉनची रचना मोठी गमतीची आहे. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर व्हायोलिन, बासरी किंवा गायकवृंदाचा खराखुरा सूर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते आणि तो सूर वाजू लागतो. सुमारे आठ सेकंदांत फीत संपते, त्यामुळे सूर फार वेळ धरून ठेवता येत नाही. फितीच्या हलक्या थरथरीमुळे त्या आवाजाला एक विलक्षण उदासपणा येतो. ब्यॉर्न क्रिस्तियानसेनची खरखरीत गिटार आणि हा धूसर आवाज यांची गाठ घालणे, हेच 'जेनस'चे वैशिष्ट्य. दोन विरुद्ध दिशांना पाहणाऱ्या रोमन देवाचे नाव अल्बमला शोभते ते यामुळेच.

अल्बममध्ये आठ गाणी आहेत. 'पाथ ऑफ युवर ड्रीम'ने सुरुवात होते, तर 'फॉर ऑल इटर्निटी' आणि 'कँडल्स ऑफ हेवन' ही गाणी संथ, भावपूर्ण वळणाची आहेत. वीस-वीस मिनिटांच्या रचनांचा त्या काळातील सोस या बँडने टाळला. 'ज्युनिफर ग्रीन' या नॉर्वेजियन बँडने १९७१ मध्ये 'फ्रेंडशिप' हा देशातील पहिला दुहेरी रॉक अल्बम काढून त्या वाटेने मोठी मजल मारली होती. 'आंट मेरी'ला मात्र नेमके बोलून थांबणे अधिक मानवले. या अल्बमचा खरा आधार म्हणजे यान ग्रोटचा आवाज. तो चढतो, पण किंचाळत नाही.

मग हा अल्बम मागे का पडला? दोष संगीतात शोधण्याचे कारण नाही. नॉर्वेची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४० लाख होती. नभोवाणीवर 'एनआरके' या सार्वजनिक संस्थेची मक्तेदारी होती. ती १९८१ पर्यंत टिकली. त्या संस्थेची दुसरी नभोवाणी वाहिनी तर १९८४ मध्ये सुरू झाली. एकाच वाहिनीवर बातम्या, प्रार्थना, मुलांचे कार्यक्रम असे सर्व काही बसवायचे, तेव्हा कर्कश गिटारच्या वाट्याला किती वेळ येणार? त्यातच गाणी इंग्रजीत. म्हणजे दुकानात याच अल्बमची स्पर्धा पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'शी आणि लेड झेपेलिनच्या 'हाउसेस ऑफ द होली'शी. दोन्ही १९७३ चेच. लंडनच्या बँडला जी यंत्रणा आयती मिळत होती, ती फ्रेड्रिकस्टाडच्या मुलांच्या पाठीशी नव्हती.

उरलेली कसर बँडनेच भरून काढली. 'जेनस' निघाला त्याच वर्षी 'आंट मेरी' विसर्जित झाला. नव्या अल्बमची गाणी घेऊन गावोगाव फिरायलाच कोणी उरले नाही.

पुढे यान ग्रोट नॉर्वेच्या घराघरांत पोहोचला तो वेगळ्याच वाटेने. १९९१ मध्ये रोममध्ये झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत 'जस्ट फोर फन' या चौकडीतून तो देशाचे प्रतिनिधित्व करीत होता. क्रमांक लागला सतरावा. २०१४ मध्ये त्याचे निधन झाले. त्यानंतर २०१६ मध्ये 'आंट मेरी'ने नव्या गायकासह 'न्यू डॉन' हा अल्बम काढला. 'जेनस'ही दरम्यान सीडीवर पुन्हा उपलब्ध झाला, तर १९७३ ची मूळ तबकडी आता संग्राहकांच्या शोधयादीत असते.