मोटारीची बॅटरी आणि तिच्या तारा

विद्युत्प्रवाह, विद्युद्दाब व रोध यांचा संबंध सांगणारा ओहमचा नियम आपल्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या बहुतेक विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतो. मीहि तो पुष्कळ वर्षें शिकवीत आलों आहें. परंतु पाठ असलेला नियम प्रसंगीं आठवेलच असें नाहीं, हें मला गेल्या वैशाखांत मूर्तिजापुरास एका बंद पडलेल्या मोटारीनें शिकविलें.

माझ्या एका स्नेह्यांपाशीं एम. जी. बी. जातीची, दोन आसनांची, उघड्या टपाची जुनी मोटार आहे. या मोटारी इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असत. स्नेह्यांची मोटार १९६५ सालची आहे. आम्ही दोघे तींतून अमरावतीहून अकोल्यास निघालों होतों. रस्त्याविषयीं तक्रारीस जागाच नव्हती. कारण जून २०२२ मध्यें लोणी ते माना या गांवांच्या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचें डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरें होऊन ज्याची जागतिक विक्रमांत नोंद झाली, तोच हा रस्ता. मूर्तिजापुरास चहा घेऊन परत येऊन पाहतों तों एंजिन फिरेना. दिवे लख्ख लागत, कर्णा खणखणीत वाजे; मात्र किल्ली फिरवितांच ‘टक्’ असा आवाज होऊन सारें शांत होई. स्नेही संतापले. वर्षांत बॅटऱ्यांची ही दुसरी जोडी. दुकानदारानें सरळ फसविलें, असें म्हणून त्यांनीं त्यास फोनवरून कठोर शब्दहि ऐकविले. मींहि मान डोलाविली.

इतक्यांत जवळच्या गॅरेजांतून एक तरुण मिस्त्री आला. त्यानें पुन्हां एकदां किल्ली फिरविण्यास सांगितलें, आणि आसनांमागचें झांकण काढून तारेच्या प्रत्येक जोडावर क्रमानें बोट टेकवून पाहिलें. एका जोडावरून त्यानें बोट चटकन् उचललें. “साहेब, बॅटरी चांगली आहे. हा जोड तापलाय,” तो म्हणाला. दहा मिनिटांत त्यानें तो जोड सोडवून, खरवडून, घट्ट बसविला आणि एंजिन सुरू झालें.

दिवे लागत होते, मग एंजिन कां फिरेना? दिव्यांस आठ-दहा अँपिअर प्रवाह पुरतो. परंतु एंजिनास पहिला फेरा देणाऱ्या स्टार्टरला दीडशें अँपिअर किंवा त्याहूनहि अधिक लागतो. जोडावर मळ सांचून तेथें एक शतांश ओहम रोध उत्पन्न झाला असें समजा. दहा अँपिअर प्रवाहास तेथें केवळ एक दशांश व्होल्टची तूट पडते. ती डोळ्यांस कळतहि नाहीं. परंतु दीडशें अँपिअरला दीड व्होल्ट खर्ची पडतात, आणि सव्वादोनशें वॅट शक्ति त्या नखाएवढ्या जागीं उष्णता होऊन वायां जाते. मळ आणखी वाढला कीं स्टार्टर फिरण्याइतका प्रवाह पोंचतच नाहीं. दिवा लागला म्हणून तार निर्दोष, असें अनुमान काढूं नये, तें यामुळें.

या मोटारींत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागें असून त्या एकीस दुसरी जोडून बारा व्होल्ट मिळतात. स्टार्टर मात्र पुढें एंजिनापाशीं. म्हणून एक जाड तार गाडीच्या तळाखालून, चिखल-पाणी सोशीत, पुढें जाते. या तारेस फ्यूज नसतो. ती पत्र्याच्या कडेवर घासून तिचें रबर फाटलें तर आग लागण्याचा संभव असतो. आणखी एक लहान तार एंजिनास सांगाड्याशीं जोडते. एंजिन रबरावर बसविलेलें असल्यामुळें ही तार तुटली तर प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि एखादी नाजूक तार तापून जळते.

तारा बदलतांना जुनीइतकीच किंवा अधिक जाड तार घ्यावी. तार कापून पाहतां आंतील तांबें हिरवें पडून भुगा होत असेल, तर नुसतें टोंक बदलून भागत नाहीं. सबंध तार टाकावी. जोड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावेत, परंतु तें पाणी बॅटरींत जाऊं देऊं नये. मग ते कोरडे करून, घट्ट आंवळून, वरून व्हॅसलीन लावावें. परीक्षा सोपी आहे: बॅटरीच्या टोंकापासून स्टार्टरच्या टोंकापर्यंत व्होल्टमीटर जोडावा व किल्ली फिरवावी, अर्ध्या व्होल्टपेक्षां अधिक तूट दिसली तर दोष वाटेंत आहे.

सोडवितांना सांगाड्याकडील तार प्रथम सोडवावी व जोडतांना ती शेवटीं जोडावी. म्हणजे पाना चुकून पत्र्यास लागला तरी ठिणगी पडत नाहीं. १९६५ च्या या मोटारींत धन ध्रुव सांगाड्यास जोडलेला असतो, आजच्या मोटारींत ऋण. हें पाहिल्यावांचून हात घालूं नये. बॅटरींतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

आतां बॅटरीविषयीं. शिसें व गंधकाम्ल यांची ही बॅटरी १८५९ सालीं फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यांनीं शोधून काढली. विजेचा साठा संपत जातो तसतसें तिच्या पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट बसतें आणि आम्ल पातळ होतें. तशीच पडून राहिली तर तें सल्फेट कठीण होऊन पुन्हां विरघळत नाहीं. आपल्या वऱ्हाडांत पारा कित्येकदां ४५ अंशांच्याहि वर जातो. तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं रासायनिक क्रियेचा वेग सामान्यतः दुप्पट होतो. म्हणून येथें उभी असलेली बॅटरी लवकर रिती होते व तिचें पाणीहि आटतें. क्वचित् बाहेर निघणाऱ्या मोटारीची बॅटरी महिन्यास एकदां भरावी आणि पाणी घालावें तें डिस्टिल्डच. कांहीं तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ दिसले तर निम्मी.

निकामी बॅटरी भंगारांत देऊं नये. ती कोणाच्या तरी अंगणांत फोडली जाते, आणि शिसें हें लहान मुलांस फार घातक विष आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणें जुनी बॅटरी परत घेऊन तिची योग्य वासलात लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून नवी घेतांना जुनी दुकानींच द्यावी. स्नेह्यांची पहिली जोडी मात्र भंगारांत गेली होती, आणि ती बहुधा धडधाकट होती!

अकोल्यास पोंचल्यावर स्नेह्यांनीं प्रथम त्या दुकानदारास फोन केला व आपली चूक मोकळेपणानें कबूल केली. चूक माझीहि होती. दीडशें अँपिअरचें हें उदाहरण आतां मी दर वर्षीं वर्गांत फळ्यावर मांडतों, आणि तो तापलेला जोड कसा सांपडला, हेंहि सांगतों.