दोन बाटल्या

सोनोग्राफीच्या खोलीत अर्धवट अंधार आहे. वहिनी टेबलावर मान डावीकडे वळवून निजल्या आहेत. सिस्टर त्यांच्या खांद्याखाली चादरीची घडी सरकवतात, तशी उजव्या जबड्याखालची गाठ मला कोपऱ्यातल्या स्टुलावरूनही दिसू लागते. ती दुखत नाही. अँटिबायोटिकचा कोर्स झाला तरी बसली नाही. बारीक सुईच्या तपासणीतही नक्की काही कळलं नाही, म्हणून आज बायॉप्सी.

निघताना आईने पुन्हा विचारलंच, "सुई लावली की गाठ चवताळते ना गं?" या एका भीतीपायी किती बायका महिनोन्महिने गाठ पदराआड ठेवतात! मला त्याचा फार त्रास होतो. मी डॉक्टरांना विचारते. मानेवर प्रोब फिरवत त्या म्हणतात, "सुईने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही, ताई. काय आहे तेच कळलं नाही, तर औषध कशावर देऊ?"

स्क्रीनवर गाठ काळीभोर, गोलसर. साध्या गाठीच्या मध्यात पांढरी रेघ दिसते, हिच्यात ती नाही. शेजारी मानेतली मोठी रक्तवाहिनी लाल-निळी उसळते आहे. डॉक्टर तिच्यावर बोट ठेवतात. "हिच्यापासून लांब राहायचं."

भुलीचं इंजेक्शन झोंबतं. वहिनी माझा हात घट्ट धरतात. मग डॉक्टर बायॉप्सीची गन हवेतच एकदा दाबून दाखवतात. टक्! "एवढाच आवाज येईल. दचकायचं नाही, गिळायचं नाही."

सुई आत जाते. स्क्रीनवर ती पांढरी, सरळ, गाठीत शिरताना दिसते. टक्. वहिनींच्या पायाची बोटं आवळतात, मान मात्र हलत नाही. डॉक्टर सुई उघडतात. खाचेत मांसाचा तुकडा, शेवईसारखा बारीक, फिकट, टोकाला जरा रक्त. तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. पुन्हा टक्, पुन्हा एक तुकडा.

"आता सलाईनची द्या," डॉक्टर म्हणतात.

याचीच मी वाट पाहत होते. मानेच्या अशा गाठीत आपल्याकडे टीबी फार सापडतो, आणि लिम्फोमाही असू शकतो. फॉर्मॅलिनमध्ये पेशींची ठेवण टिकते, पण टीबीचे जंतू मरतात. सगळे तुकडे त्यातच गेले, तर कल्चरला जिवंत जंतू उरत नाहीत. मग कुठलं औषध लागू पडेल ते कळायला अवघड, आणि सुई पुन्हा टोचायची. पुढचे दोन तुकडे सलाईनमध्ये पडतात.

सिस्टर गॉज दाबून धरतात. डॉक्टर दोन्ही बाटल्यांवर नाव, वय, 'उजवी मान' लिहून त्या माझ्या हातात देतात. वहिनी डोळे उघडतात. "आधी कुठला रिपोर्ट येईल?"

"सलाईनचा. टीबी शोधणारं सीबीनॅटचं मशीन दोनेक तासांत उत्तर देतं. कल्चरला मात्र सहा आठवडेही लागतात. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यांचे मेणात ठोकळे करून काप काढतात, ते रंगवून बघायला काही दिवस जातात."

फॉर्मॅलिनची बाटली मी पॅथॉलॉजीत देते आणि जिना उतरून मायक्रोबायोलॉजीची खिडकी गाठते. तिथला मुलगा बाटली उजेडात धरतो.

"यात फॉर्मॅलिन नाही ना?"

"नाही. सलाईन आहे."

तो रजिस्टर पुढे ओढतो आणि वहिनींचं नाव लिहायला घेतो.