पीटीओखालचा थेंब

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की बालाघाटाच्या माथ्यावर लिंबागणेश येतं. गावाची ओळख भालचंद्र गणपतीची. पण दसऱ्याच्या पुढेमागे इथून जाणाऱ्याच्या नजरेत भरतात ते ट्रॅक्टर. सोयाबीनची मळणी चाललेली, रिकाम्या झालेल्या रानात ज्वारी-हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर फिरतोय, आणि हे उरकलं की त्याच ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याची वाट धरणार. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते, कोयते ठरलेले असतात, निघायची तारीख मागेपुढे होत नाही. नेमक्या या मधल्या दिवसांत ट्रॅक्टरच्या पाठीमागे, शाफ्ट जोडतात तिथे, तेलाचा थेंब लोंबकळताना दिसतो आणि मालकाच्या कपाळाला आठी पडते.

इंजिनाखालचा डाग शेतकरी वर्षानुवर्षं चालवून घेतो. पीटीओखालचा थेंब मात्र चालवून घेण्यासारखा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्टचं हायड्रॉलिक हे सगळं एकाच तेलात बुडालेलं असतं. तेल खाली गेलं की आधी पंप हवा ओढू लागतो. लिफ्ट धक्के देत वर येते, अवजार अधांतरी थरथरतं. तरीही कोणी लक्ष दिलं नाही, तर भरल्या ट्रॉल्या घाटात असताना गिअर ओरडायला लागतात. सील स्वस्त आणि तेल महाग, हा त्यातला आणखी एक वांधा.

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे बाहेर आलेला खाचांचा दांडा. बहुतेकांना ६ खाचा, जाडी ३५ मिलिमीटर, वेग मिनिटाला ५४० फेरे. १९१८च्या सुमारास अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने असा दांडा विक्रीच्या ट्रॅक्टरला लावला आणि विसाच्या दशकात तिथल्या शेती-अभियंत्यांनी त्याचं माप ठरवून टाकलं. म्हणून आज एका कंपनीचा ट्रॅक्टर, दुसरीचा रोटाव्हेटर आणि तिसरीचं मळणी यंत्र एकमेकांना बिनबोभाट जोडता येतं.

हा दांडा आतल्या तेलातून बाहेरच्या धुळीत येतो त्या दारावर ऑइल सील बसलेलं असतं. पत्र्याचं कडं, त्यावर रबर, रबराची पातळ ओठासारखी कड, आणि ती कड दांड्यावर दाबून धरायला केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग. अंगावर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. दुकानात गाडीचं नाव सांगण्याआधी जुनं सील काउंटरवर ठेवावं ते यासाठी. जर्मनीतल्या वाइनहाइम गावची फ्रॉयडेनबर्ग ही मुळात कातडी कमावणारी पेढी. तिने १९३०च्या दशकात वाल्टर झिमर या अभियंत्याच्या नावाने असं सील बाजारात आणलं, तेव्हा त्याची कड चामड्याची होती. रबर नंतर आलं. गंमत अशी की चांगलं सील तेल पुरतं अडवत नाही. कड आणि दांडा यांच्यामध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाएवढा तेलाचा पदर राहतो आणि त्यावरच ती कड तरते. तो पदर सुकला की रबर जळतं, कडक होतं, चिरतं.

आता गळतीकडे. मालक ट्रॅक्टर उभा करतो आणि म्हणतो, “मिस्तरी, पीटीओचं सील टाकून द्या, सांजच्याला न्यायचाय.” जाणता मिस्त्री पान्याला हात न लावता सांगतो, “आधी धुऊन तर आणा.” यात आळस नाही. पीटीओचा दांडा हे ट्रॅक्टरच्या पाठीचं खालचं, पुढे आलेलं टोक. वर लिफ्टच्या झाकणाचं पॅकिंग गळू दे, ट्रॉली उचलायच्या पाइपाचा कपलर गळू दे, नाही तर मधल्या टॉपलिंकपाशी तेल झिरपू दे, ते उतरून उतरून शेवटी इथूनच टपकणार. म्हणून डिझेल आणि ब्रशने मागची सगळी बाजू धुवायची, चिंधीने कोरडी करायची, वरून टाल्कम पावडर भुरभुरायची आणि ट्रॅक्टर कामाला लावायचा. पावडर सगळ्यात वर जिथे भिजली, तिथे उगम.

कधी गळतं, हे विचारणं त्याहून कामाचं. रात्रभर नुसतं उभं असतानाही खाली डबकं साचत असेल तर सीलची कड गेलेली असते, किंवा सील ज्या कव्हरात बसतं त्याचं पॅकिंग अथवा ओ-रिंग. ट्रॉली टिपिंग करतानाच गळत असेल तर पीटीओकडे बघूच नये, कपलर बघावा. काम तासभर चालल्यावर, तेल तापल्यावर गळत असेल तर ब्रीदर तपासावा. हा हवा सोडणारा छोटा नळ चिखलाने बुजला की आतली तापलेली हवा कोंडते आणि सगळ्यात दुबळ्या कडेतून तेल बाहेर ढकलते. नवं सीलही ती तसंच ढकलणार. आणि रोटाव्हेटर बांधावर उचलला की गळत असेल, तर गुन्हेगार बहुधा शाफ्ट.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त सील फुकट जातात ती इथे. पीटीओपासून अवजारापर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे जॉइंट असतात. शाफ्ट वाकडा झाला की क्रॉस एकसारखा वेग देत नाही. ३० अंशांच्या कोनात ५४० फेऱ्यांचा पीटीओ मधल्या नळीला कधी ४६८च्या, कधी ६२४च्या वेगाने फिरवतो, आणि हा चढउतार एका फेऱ्यात दोनदा होतो. म्हणजे सेकंदाला अठरा हिसके. मधल्या नळीचे दोन्ही काटे एका रेषेत असतील तर पुढचा जॉइंट हा चढउतार बराचसा जिरवतो. पण चौकोनी शाफ्ट ओढून काढला आणि परत घालताना पाव फेरा फिरवून घातला, तर जिरायच्या ऐवजी तो दुप्पट होतो. हे डोळ्यांनी दिसतं, फक्त कोणी बघत नाही. दुसरी चूक लांबीची. रोटाव्हेटर वर-खाली होताना शाफ्ट कुठे तरी सगळ्यात आखूड होतो, तेव्हा नळीत नळी तळाला टेकली तर शाफ्ट पीटीओच्या दांड्याला आत ठोसत राहतो. बेअरिंग ढिलं होतं, दांडा डुगडुगतो, सीलची कड एका बाजूला खाल्ली जाते. मुरमाड रानात पाती दगडावर आपटतात, त्याचे दणके वेगळेच.

म्हणून इंजिन बंद करून, चावी काढून, शाफ्ट सोडवायचा आणि पीटीओचा दांडा हाताने वर-खाली हलवून पाहायचा. हाताला खुळखुळ लागली तर आधी बेअरिंग, मग सील. दांड्यावर नख फिरवायचं. नख अडकलं तर जुन्या कडेने तिथे चर पाडलाय, नवी कड त्याच चरात बसली तर आठवडाही टिकणार नाही. ती दोन-तीन मिलिमीटर अलीकडे बसवायची, नाही तर दांड्यावर पातळ बाही चढवायची. सीलच्या मागे बोट घातलं की कित्येकदा सुतळी किंवा नायलॉनचा दोरा हाताला लागतो. मळणीच्या वेळी पोत्यांचे दोरे फिरत्या दांड्याला गुंडाळत आत सरकतात आणि पात्यासारखे रबर कापतात.

जो दांडा दोरा गुंडाळतो तो धोतराचा सोगा आणि साडीचा पदरही गुंडाळतो. सेकंदाला ९ फेऱ्यांपुढे माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. मळणी यंत्रांवरच्या अपघातांमुळे १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर येतं, पण ग्रीस मारायला आड येतं म्हणून ते पहिल्याच हंगामात काढून कुडाला टांगलेलं दिसतं. त्या कव्हराला ग्रीससाठी एक भोक पाडायला किती वेळ लागतो?

सील बसवणं त्यामानाने सोपं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, कडेला ग्रीसचं बोट, आणि हातोडी थेट न मारता लाकडाच्या ठोकळ्याने किंवा जुन्या बेअरिंगच्या कड्याने चहूबाजूंनी सारखं ठोकत आत घ्यायचं. खाचांच्या धारेवरून नेताना दांड्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळतात, नाही तर कड तिथेच चिरते. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. मग ते सगळंच बदलावं लागतं.

हिशेबाच्या वेळी खरी अडचण होते. मालक सीलचे पैसे देतो, तेलाचे देतो, खोला-जोडीची मजुरी देतो. धुऊन, पावडर टाकून, कोनात वाकून कारण शोधण्यात गेलेल्या दुपारचे पैसे कोणत्या नावाने लावायचे हे मिस्त्रीला सुचत नाही आणि मालकालाही ते द्यायला नको असतात. मग पुष्कळ ठिकाणी सरळ सील टाकून ट्रॅक्टर लावून देतात, आणि तो महिन्याने परत येतो. जो मिस्त्री सील टाकण्याआधी शाफ्ट बाजूला घेऊन, हॅकसॉने दोन्ही नळ्या दोन बोटं कापून, काटे एका रेषेत आणून देतो, त्याचं बिल शंभर-दोनशेने जास्त होतं. त्यावर घासाघीस होते. तो म्हणतो, “रोटर जोडा, पार वर उचला, दहा मिनिटं चालवा, मग खाली हात लावून बघा.” हात कोरडा निघाला की घासाघीस बहुधा तिथेच मिटते, आणि ट्रॅक्टर ट्रॉल्या जोडायला निघून जातो.