आव्यातून निघते ती माती नव्हे

उन्हात खडखडीत वाळलेले कच्चे मडके पाण्यात ठेवले, तर थोड्याच वेळात त्याचा गाळ होतो. भाजलेले मडके वर्षानुवर्षे पाणी साठवते. आव्याची आच म्हणजे जास्त कडक ऊन, असे समजून हा फरक उलगडत नाही. वाळवल्याने मातीतले पाणी जाते, पण माती मातीच राहते. भाजल्याने पदार्थच बदलतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात याचा पुरावा आहे. तिथल्या जोर्वे संस्कृतीच्या घरांच्या मातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती ढासळून जमिनीला मिळाल्या. त्याच घरांतली खापरे मात्र सुमारे तीन हजार पावसाळे सोसून काळ्या नक्षीसकट हाती आली.

चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म, पातळ पापुद्र्यांसारखे असतात. त्यांच्यामधल्या पाण्यामुळे ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून चाकावरच्या मातीला हवा तो आकार देता येतो. ऊन हे पाणी काढून घेते. पापुद्रे जवळ येतात, भांडे आकसते. पण ते एकमेकांना नुसते टेकलेले असतात. पाणी मिळताच पुन्हा सुटतात. कोरड्या मातीतही पाण्याचे घटक उरतात, स्फटिकाच्या रचनेतच बांधलेले. केओलिनाइट हे चिकणमातीतले एक खनिज. १०० ग्रॅम शुद्ध, कोरड्या केओलिनाइटमधून असे सुमारे १४ ग्रॅम पाणी निघते, पण त्यासाठी साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सियस तापमान लागते. ते निघाले की स्फटिकाची मूळ घडी मोडते. पुढे आच वाढत जाते तसे कण एकमेकांना जोडले जातात. आणखी वर काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि उरलेल्या कणांना जखडून ठेवतात. मातीतल्या लोहाला खेळती हवा मिळाली, तर भांडे तांबडे होते. आवा बंद करून धूर कोंडला, तर काळे.

यावर कोणी म्हणेल, माठ तर पाझरतो. मग पाणी त्यात शिरतेच की! शिरते, पण कणांमधल्या मोकळ्या छिद्रांत. तिथून बाहेर येऊन त्याची वाफ होते, म्हणून आतले पाणी गार राहते. कणांचे सांधे ते सोडवू शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भाजलेली माती शतकानुशतके हवेतला ओलावा रासायनिकरीत्याही हळूहळू शोषते, म्हणजे बदल उलटतोच ना? ओलावा परततो, पण मऊपणा परतत नाही. जुने खापर कितीही भिजवले, तरी ते मळून चाकावर चढवता येत नाही. सुरखी हा आणखी एक दाखला. भाजलेल्या विटांची ही भुकटी चुन्याशी संयोग पावून ओलीतही घट्ट होणारा गिलावा देते, कारण आचेने मोडलेली रचना चुन्याला सहज प्रतिसाद देते.

म्हणूनच आवा लावणे हे कुंभाराच्या कामातले सर्वांत जोखमीचे पाऊल. आच घाईने वाढवली, तर आत अडकलेली वाफ भांडे फोडते. घाईने थंड केले, तर तडा जातो. चाकावर बिघडलेले भांडे पुन्हा मळता येते. आव्यात बिघडलेल्याला ती संधी नसते. मातीला टिकाऊपणा मिळतो, तो परतीची वाट बंद झाल्यामुळेच.