अम्मीची भांडी कोणाची?

म्हसळा, श्रीवर्धन, दापोली, चिपळूण या बाजूच्या जुन्या घरांत माळ्यावर अजूनही तांब्याचे हंडे, पितळेचे टोप, कल्हई उडालेली परात आणि लोखंडी ट्रंक सापडते. मुले मुंब्र्याला, मीरा रोडला नाहीतर आखातात. अब्बा अल्लाहला प्यारे झाले की अम्मीला फ्लॅटवर आणायचे ठरते आणि घर आवरायला सुरुवात होते. 'एवढ्या सामानाचं करायचं काय?' हा प्रश्न येतो, आणि उत्तर ठरलेले असते: मोडीत घाला, तांब्याला भाव बरा आहे.

सामान कोणाचे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

आमचे म्हणणे, मोडवाल्याला बोलावण्यापूर्वी ती भांडी एकदा नीट पाहावीत. काठाजवळ कोरलेली अक्षरे दिसतील. नवरीचे नाव, देणाऱ्या मामूचे किंवा खालाचे नाव, कुठे निकाहची तारीख. जहेज मागून घेण्याची प्रथा वाईटच, तिची तरफदारी आम्ही करीत नाही. पण माहेरच्यांनी मुलीला खुशीने जे दिले, ते तिच्या मालकीचे. पतीच्या निधनानंतर ते त्याच्या तरक्यात जात नाही. अब्बांची वाटणी करताना अम्मीचा हंडाही मुलगे हिशेबात धरतात, ही चूक चांगल्या शिकल्या-सवरल्या घरांतही होते. कोरलेले नाव तिथे कागदासारखे कामी येते.

वस्तूंचे मोल केवळ मालकीचे नसते, हेही खरेच. शिकागो परिसरातील 82 कुटुंबांच्या तीन पिढ्यांना घरातील जिवाभावाच्या वस्तू विचारून केलेला एक अभ्यास 1981 साली पुस्तकरूपाने आला. लहान्यांना गाणी ऐकण्याची यंत्रे प्रिय होती, आजी-आजोबांना फोटो. आपल्याकडे विचारले तर फोटोच्या आधी कदाचित पानदान निघेल, किंवा शिवणाचे मशीन. नवरा जहाजावर असताना त्याच मशीनवर शेजारपाजारचे कपडे शिवून मुलांची फी भरणाऱ्या स्त्रिया आपल्या घराघरांत आहेत. सून म्हणते, 'हे आता चालत नाही, अम्मी.' अम्मीलाही ते माहीत असते. पण ते गेले की तिच्या कष्टांचा घरातला एकुलता साक्षीदार गेला.

सगळे सामान दोन खोल्यांत मावत नाही, हे आम्ही मान्य करतो. म्हणून निवड करावी, पण ती त्यांनाच करू द्यावी, आणि घाईने नाही. ट्रंक उघडून एखादा दिवस शेजारी बसावे. रोज हाताला लागणाऱ्या वस्तू आधी घ्याव्यात: वजूचा बधना, जानमाज, रेहाल, अडकित्ता, नारळ खवण्याची विळी, झोपतानाची गोधडी. ज्यांची याददाश्त कमी होत चालली आहे, त्यांना नव्या घरात ओळखीच्या वस्तूंचा फार आधार असतो. त्यांना नवीकोरी स्टीलची भांडी आणून देणे म्हणजे आणखी एक परके घर देणे.

उरलेल्यासाठी आपल्या शरीयतमध्ये सोपी वाट आहे. हयातीत वस्तूची मालकी पूर्णपणे त्यांची असते, कोणा वारसाचा हिस्सा तेव्हा नसतो. कोणाला काही द्यायचे तर हिबा करता येतो: देणाऱ्याने दिले म्हणावे, घेणाऱ्याने कबूल करावे आणि वस्तू ताब्यात द्यावी. 'माझ्या माघारी हा टोप नातीचा' एवढ्या बोलण्याने हिबा होत नाही, ती वसिय्यत होते. वसिय्यत इतर वारसांच्या संमतीशिवाय तरक्याच्या एक तृतीयांशापुरतीच चालते आणि एखाद्या वारसाच्याच नावे केली तर बाकीच्यांची मंजुरी लागते. मुलांना देताना मुलींना विसरू नये. सूरह निसामध्ये स्त्रियांचा हिस्सा थोड्या मालातही सांगितला आहे, म्हणजे चमच्या-वाटीतही.

मोठी डेग मात्र कोणाच्याच फ्लॅटमध्ये जाणार नाही. मोहल्ल्यात शादी-फातिहाला तीच मागून नेली जात असे. सूरह माऊनमधील 'माऊन' शब्दाचा अर्थ अनेक मुफस्सिरांनी शेजाऱ्याला वापरायला द्यायच्या अशाच साध्या घरगुती वस्तू असा केला आहे. अम्मी राजी असतील तर ती डेग जमातीच्या भांड्यांत जमा करावी. नाव कोरलेले असेल तर ते तसेच राहू द्यावे.